सगळ्यांचा एकच पत्ता

"मॅडम, बारा मशीनं. प्रत्येक मशीन चार वेळा बंद करून चालू केलं. अठ्ठेचाळीस वेळा आकडा एकच. असं असायला पाहिजे का?"

तुपेकाकांनी रजिस्टर माझ्या कीबोर्डवरच उघडून ठेवलं. निळ्या शाईतल्या अठ्ठेचाळीस ओळी. तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात सोळा अंक-अक्षरांचा तोच तो आकडा, प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेला. 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं द्यायचा आळस त्यांनी एकदाही केला नव्हता.

याला आता चौदा वर्षं झाली. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. आम्ही इन्फ्युजन पंप बनवायचो. आयसीयूत पेशंटच्या उशाशी खांबाला एक पेटी लावलेली असते, तासाला किती औषध शिरेत सोडायचं ते ठरवणारी, तीच. आमचं नवं मॉडेल हॉस्पिटलच्या नेटवर्कला जोडता यायचं. नर्सला टेबलाशी बसून सगळ्या बेडचे डोस दिसायचे आणि तिथूनच बदलताही यायचे. त्या पेटीतल्या छोट्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम माझ्याकडे होती. मी ज्योत्स्ना कारंडे, गडहिंग्लजची, तेव्हा एकोणतीस वर्षांची.

तुपेकाका टेस्टिंगला होते. सैन्यात सिग्नलमध्ये सतरा वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सिन्नर तालुक्यातल्या वडांगळीहून रोज मोटारसायकलनं यायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो आणि ते आम्हा निम्म्या वयाच्या पोरींना मॅडम म्हणायचे.

"हा आकडा कशाचा, तेवढं सांगा," ते म्हणाले. "मला नुसता लिहून काढायला सांगितलाय."

"कर्नलचा पत्ता आहे. मशीन चालू झालं की कर्नल हा मुख्य प्रोग्राम आधी उठतो. मोटर, पडदा, नेटवर्क, सगळं त्याच्या हुकमतीत. तो मेमरीत ज्या जागी जाऊन बसतो, त्या जागेचा हा आकडा."

"मग एकाच जागी बसला तर बिघडलं कुठं? माणूस रोज आपल्याच घरी झोपतो की."

"काका, तुम्ही सिग्नलमध्ये रोज एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचात?"

"छ्या!" ते हसले आणि लगेच हसायचे थांबले. "म्हणजे समोरच्याला ठाऊक होतं, कुठं कान लावायचा ते."

"तसंच. बाहेरचा कुणी नेटवर्कमधून आत घुसला, तर त्याला आधी शोधावं लागतं, आत काय कुठे ठेवलंय. पत्ता दरवेळी बदलत असेल तर त्याचा नेम चुकतो. मशीन फार तर बंद पडतं आणि अलार्म वाजतो, नर्स धावत येते. पण पत्ता ठरलेला असेल तर एक पंप मिळवायचा आणि घरी बसून त्याचा अभ्यास करायचा. एकाचा केला की सगळ्यांचा झाला. हे काही एकमेव कुलूप नाही, दुसरीही आहेत. पण आहे कुलूपच."

"आणि शेवटी एवढी शून्यं का?"

"कर्नल वाटेल तिथे बसत नाही. ठरलेल्या मापाच्या कडेलाच बसतो. पत्ता बदलला तरी शेवटची पाच अक्षरं शून्यच राहणार."

त्यांनी खिशातून पेन काढून तेही रजिस्टरच्या समासात लिहून घेतलं. मग म्हणाले, "मग हा बदलत का नाही?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. कारण ते बदलणं मीच बंद ठेवलं होतं. पंपाची मोटर चालवणारा प्रोग्राम आम्ही एका बाहेरच्या कंपनीकडून तयार घेतला होता. तो लिहिणाऱ्यानं कर्नलचा पत्ता त्यात कायमचा लिहून टाकला होता. पत्ता बदलला की मोटरचा प्रोग्राम जुन्याच जागी जाऊन धडकायचा आणि सगळं मशीन गोठायचं. त्या कंपनीला दुरुस्तीला सहा आठवडे हवे होते. म्हणून फेब्रुवारीत मी 'तात्पुरतं' म्हणून बदल बंद केला आणि आमचे प्रमुख गानू सर यांना तसं मेलवर कळवून दुरुस्तीचं काम द्यायला परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. मीही परत विचारलं नाही. जून उजाडला.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रजिस्टर उचललं.

"मग मी नापास लिहितो."

"लिहा," मी म्हणाले. खरं तर मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गानू सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हर्षद गानू कधी आवाज चढवत नसत. समोरच्याला पाणी देत, एसी कमी करू का विचारत, आणि मग जे हवं ते करून घेत. काकांचा अहवाल त्यांच्यासमोर होता. लाल शाईतला 'नापास' माझ्या बाजूला करून ठेवलेला.

"गुरुवारी हॉस्पिटलची माणसं येतायत," ते म्हणाले. "करारात कलम आहे की मशीन चालू करताना दरवेळी कर्नलचा पत्ता बदलला पाहिजे. ते डोळ्यांनी बघणार आहेत. तीनदा चालू करून. तेव्हा पडद्यावर आकडा बदललेला दिसला पाहिजे."

"सर, तो बदलत नाही."

"मी दिसला पाहिजे म्हणालो, ज्योत्स्ना."

मला कळायला एक क्षण लागला. मग कानशिलं तापली.

"म्हणजे खोटा आकडा दाखवायचा?"

"अगं, खोटा कसला? सहा आठवड्यांत आपण ते खरंच करणार आहोत ना? मशीनं वॉर्डात पोचायच्या आत. मग यात खोटं काय आहे? फक्त जरा आगाऊ आहे." ते हसले. मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून अगदी मायेनं म्हणाले, "आणि हे बंद ठेवलं कुणी? फाइलवर नाव तुझंच आहे. मी अजून वरती काही बोललेलो नाही."

मी तुम्हाला मेल केली होती, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. पाणी प्यायले आणि बाहेर आले.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी ते लिहिलं. नऊ ओळी होत्या. मशीन चालू झालं की खरा पत्ता विचारायचा नाही, नवा आकडा बनवायचा आणि तो दाखवायचा. वीस मिनिटं लागली. आयुष्यात मी इतक्या सहज काही लिहिलेलं नाही. सरांनी बघितलं, "व्वा" म्हणाले आणि काकांना निरोप पाठवला, की गुरुवारी दिवसभर स्टोअरमध्ये सुट्या भागांची मोजणी करायची आहे.

गुरुवारी साडेदहाला दोघं आले. केळुसकर म्हणून एक तांत्रिक परीक्षक होते, पन्नाशीचे, छापील यादी आणि पेन घेऊन. त्यांच्याबरोबर आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर ग्रेस घोन्साल्विस. वसईच्या. त्यांना खरं तर पंपाची बटणं, अलार्मचा आवाज, सिरिंज बसवायची खाच एवढंच बघायचं होतं. पण त्या सगळंच बघत होत्या.

पहिलं मशीन तीनदा चालू केलं. तीन आकडे. केळुसकरांनी यादीवर खूण केली. दुसरं मशीन. पुन्हा तीन आकडे, पुन्हा खूण.

"हा आकडा बदलून काय होतं?" सिस्टरनी विचारलं.

गानू सरांनी सुंदर समजावलं. मी काकांना सांगितलं होतं त्याहून सुंदर.

"म्हणजे हा बदलतो म्हणून बाहेरचं माणूस माझ्या पेशंटचा डोस वाढवू शकणार नाही?"

"त्याला फार जड जाईल, सिस्टर. अगदी निर्धास्त राहा."

निर्धास्त. मी टेबलाच्या कडेला उभी होते. माझ्या पायाखालची फरशी मला आठवते, पांढऱ्यावर काळे ठिपके.

तिसऱ्या मशीनची बॅटरी उतरलेली निघाली. चार्ज केलेलं मशीन आणायला सरांनी फोन केला, आणि ते घेऊन नेमके काकाच आले. मशीन टेबलावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं आणि सवयीनं पडद्याकडे बघत थांबले. आकडा आला. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. दुसरा आकडा आला. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, झालं का दुरुस्त?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. मग पुन्हा पडद्याकडे बघून भुवया आवळल्या. "पण मॅडम, शेवटी शून्यं नाहीत."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"शेवटची पाच अक्षरं शून्यच असणार म्हणाला होता तुम्ही. पत्ता बदलला तरी. इथं तर सात-डी-दोन असलं काहीतरी आहे."

केळुसकर पेन हातात धरून थांबले. "काय म्हणतायत हे?"

गानू सरांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी शांत. "ज्योत्स्ना, सांग बरं त्यांना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती शून्यं मी विसरले नव्हते. नऊच्या दहा ओळी केल्या असत्या तर ती आली असती. मी मुद्दाम घातली नाहीत. बुधवारी लिहिताना मी स्वतःला समजावलं होतं, की जाणकार परीक्षक असेल तर त्याच्या लक्षात येईल, तो पकडेल, मग आपोआप सगळं बाहेर पडेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. केळुसकरांनी सहा आकडे बघून दोन खुणा केल्या. पकडलं कुणी, तर काकांनी.

आणि मी म्हणाले, "हा सुरुवातीचा पत्ता नाही. आतल्या एका भागाचा आहे. त्याच्या शेवटी शून्यं नसतात."

"अच्छा, अच्छा," केळुसकर म्हणाले आणि खूण केली.

"मॅडम, मी लिहून घेतलंय," काका म्हणाले. आवाजात भांडण नव्हतं, नुसता गोंधळ होता. "रजिस्टरमध्ये आहे. तुमचेच शब्द."

"तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, खोटा आकडा आणि त्यामागचा हात, दोन्ही त्यांना त्याच क्षणी कळलं. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर." आणि बॅटरी उतरलेलं मशीन काखेत मारून निघून गेले. सर दारापर्यंत त्यांच्यामागे गेले, कुणाला तरी फोन केला आणि हसत परत आले.

जेवण वरच्या मजल्यावर मीटिंगच्या खोलीत होतं. पनीर, पुऱ्या, मसालेभात. मी खिडकीशी बसले होते आणि खिडकीतून गेट दिसत होतं.

गेटवर काका उभे होते. एचआरचा माणूस त्यांच्याकडून ओळखपत्र घेत होता. त्यांनी ते गळ्यातून काढून दिलं. मग रजिस्टर मागितलं. काकांनी ते छातीशी धरलं, काहीतरी बोलले, एचआरच्या माणसानं हात पुढेच ठेवला. शेवटी त्यांनी दिलं. मग ज्या वॉचमनला ते रोज सकाळी 'जय हिंद' घालायचे त्यानं त्यांची पिशवी तपासली. डबा बाहेर काढला. उघडला. आत भाकरी होती की काय होतं, मला इतक्या दुरून दिसलं नाही. त्यानं झाकण लावून डबा परत दिला. नऊ वर्षं तिथे काम केलेल्या माणसाचा डबा. आत काय कर्नल लपवून नेणार होते ते?

काकांनी वर बघितलं. मी मागे सरकले.

टेबलाशी गानू सर गोष्ट सांगत होते. "सैन्यातली माणसं हो, काय करणार. त्यांना सगळीकडे शत्रूच दिसतो. उद्या चहात साखर जास्त पडली तर म्हणेल, घातपात आहे." केळुसकर मनापासून हसले. पुरी तोंडात असल्यामुळे त्यांना ठसका लागला.

सिस्टर ग्रेस हसल्या नाहीत. "त्यांचं नाव काय?"

"कुणाचं? तुपे."

"पूर्ण नाव."

सर थांबले. ते खरंच आठवत होते. "तुपेच म्हणतो आम्ही सगळे," ते म्हणाले आणि मसालेभाताचं भांडं पुढे केलं. "घ्या ना सिस्टर, तुम्ही काहीच घेतलं नाही."

मी उठून उभी राहिले. शौर्य वगैरे काही नव्हतं. मला त्या क्षणी इतका संताप आला होता की बसून राहताच आलं नाही.

"गोविंद तुपे," मी म्हणाले. "आणि ते म्हणाले ते खरं आहे. पडद्यावरचा आकडा खोटा आहे. तो मी बनवलाय. कर्नल सगळ्या मशीनांत एकाच जागी बसतो. तुपेकाकांनी सोमवारीच हे पकडलं आणि नापास लिहिलं. मघाशी मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

खोलीत कुणाचा तरी चमचा ताटात पडला.

"ज्योत्स्ना गेले काही दिवस जरा ताणाखाली आहे," सर हळू आवाजात केळुसकरांना म्हणाले. "कामही खूप पडलंय. चूक माझीच, मी सुट्टी द्यायला हवी होती."

"मला ताण नाही," मी म्हणाले. "एकूण बारा मशीनं आहेत. कुठलीही पाच काढा. पडद्यावर बघू नका, मी कर्नललाच आतून विचारून दाखवते."

केळुसकर घड्याळ बघायला लागले. "आपल्याला पावणेतीनची—"

"मग बघू या ना," सिस्टर ग्रेस म्हणाल्या. त्या उठल्याच. "जेवण काय, नंतर होईल."

पाच मशीनं काढली. निवड सिस्टरनी केली. मी लॅपटॉप जोडला आणि एकेक चालू केलं. पाचही वेळा तोच आकडा. काकांनी अठ्ठेचाळीस वेळा लिहिलेला. केळुसकरांनी चष्मा काढून पुसला. सिस्टरनी पाचव्या मशीनवर तळहात ठेवला आणि विचारलं, "गानू साहेब, मघाशी तुम्ही मला निर्धास्त राहा म्हणालात. हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

सर केळुसकरांकडे वळून म्हणाले, "केळुसकर साहेब, जरा केबिनमध्ये बोलू या का?"

आता सगळं उलटंपालटं होणार असं मला वाटलं. खरं सांगितलं की काहीतरी होतं, अशी माझी समजूत होती. चाळीस मिनिटांनी दोघं केबिनबाहेर आले तेव्हा सर केळुसकरांना एसटी स्टँडजवळच्या कुठल्याशा दुकानातला चिवडा नेण्याविषयी सांगत होते. अहवालात लिहिलं गेलं, 'चाचणीदरम्यान पडद्यावरील माहितीत त्रुटी आढळली. सहा आठवड्यांत दुरुस्ती करून पुन्हा दाखवण्याच्या अटीवर मंजूर.' त्रुटी. नऊ ओळी लिहून, खोटं बोलून, एका माणसाला गेटबाहेर काढून जे केलं, त्याला कागदावर त्रुटी म्हणतात. सिस्टर ग्रेसनी त्या कागदावर सही केली नाही. त्यांच्या सहीची गरज नव्हती, असं केळुसकरांनी त्यांना सांगितलं. जाताना त्यांनी माझा फोन नंबर मागून घेतला आणि स्वतःचा दिला. "आधीच का नाही बोललीस?" एवढंच विचारलं.

मी केबिनमध्ये गेले. "काकांना परत बोलवा."

"तो विषय शिस्तीचा आहे," सर म्हणाले. "पाहुण्यांसमोर आपल्याच मालावर शंका घ्यायची? उद्या उठून कुणीही घेईल."

"मग मला का नाही काढत? मी तर शंका नाही घेतली, सरळ सांगितलं. जेवणाच्या टेबलावर."

"तू हुशार आहेस," सर म्हणाले. "हुशार माणसांचं डोकं कधीकधी फिरतं. आम्हाला तू हवी आहेस. हे दुरुस्त कोण करणार? ते झालं की दिवाळीला टीम लीडचं बघू." आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी तो ग्लास घेतला आणि टेबलावर, त्यांच्या कागदांवर, ओतला. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. ग्लास लहान होता, एवढीच खंत. सोमवारी राजीनामा दिला. फेब्रुवारीतली माझी मेल आणि काकांच्या अहवालाची प्रत कंपनीच्या संचालकांना पाठवली. पोचल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. गानू सर पुढच्याच वर्षी उपाध्यक्ष झाले.

मला पुण्यात नोकरी मिळाली. काकांकडे जायला ऑक्टोबर उजाडला. रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. शेवटी एका शनिवारी वडांगळीला गेले. गावात विचारलं तर लोकांनी एका पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. काका विहिरीच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करत बसले होते. मला बघून उठले, हात पुसले, खुर्ची दिली, आत चहा सांगितला.

"माफी मागायला आलेय," मी म्हणाले.

"गेटवर माझा डबा उघडला तेव्हा तुम्ही खिडकीत होता."

"हो."

"मी बघितलं तुम्हाला."

"नंतर मी सगळं खरं सांगितलं, काका. सगळ्यांसमोर."

"ऐकलं. कॅन्टीनचा पोपट आला होता, त्यानं सांगितलं. बरं केलं." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पुन्हा ठेवला. "पण मी तिथं होतो तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी निघून गेल्यावर माझ्या बाजूनं बोललात, त्याचा मला काय उपयोग? घरी आलो तर मंडळी विचारते, चोरी केली का काय. नऊ वर्षं नोकरी केली, आणि बायकोनं विचारलं, चोरी केली का."

चहा आला. आम्ही प्यायलो. मग त्यांनीच विचारलं.

"मशीनं सुधारली का? आता पत्ता बदलतो?"

"हो," मी म्हणाले.

"किती तपासली?"

"मी… मी तर नोकरी सोडली, काका. पण सहा आठवड्यांत करणार होते. अट होती तशी. आता हॉस्पिटलात लागलीसुद्धा असतील."

"म्हणजे तुम्ही बघितलं नाही."

"नाही."

"मग हो कशाच्या जोरावर म्हणालात?"

त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. काका उठून उभे राहिले होते.

"बघितलं नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं! लाज वाटते का 'माहीत नाही' म्हणायची? तो गानू तर हरामखोर आहेच, त्याचं सोडा. पण तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला सगळं कळत होतं. मला तर निम्मंच कळत होतं. तरी मी अठ्ठेचाळीस वेळा बटण दाबलं. आणि तुम्ही इथं माझ्या दारात बसून, माफी मागायला येऊन, परत तेच करताय. न बघता हो. माणसं झोपलेली असतात त्या मशीनखाली, मॅडम!"

शेडमागच्या घरातून त्यांची मंडळी बाहेर आली. काका बसले. "जा तुम्ही आता," ते म्हणाले. "अंधार पडायच्या आत सिन्नर गाठा."

बसमध्ये मला रडू आलं नाही. राग आला. त्यांचा नाही, गानूंचाही त्या वेळी नाही. सिन्नर स्टँडवर उतरले आणि तिथूनच सिस्टर ग्रेसना फोन लावला.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या आयसीयूत होते. मशीनं आली होती. वॉर्डाचे चोवीस पंप. हॉस्पिटलचा इंजिनीअर माझ्याबरोबर होता, आणि सिस्टरनी मोकळे होतील तसतसे पंप एकेक करून शेजारच्या खोलीत पाठवले. पडद्यावरचा आकडा मी मानला नाही. प्रत्येकाच्या आत शिरून कर्नललाच विचारलं. प्रत्येक मशीन तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत हेच. पत्ता दरवेळी वेगळा होता. खरंच वेगळा होता. दुरुस्ती झाली होती.

मी सगळे आकडे कागदावर लिहिले, खाली सही केली आणि ते पान वडांगळीला पोस्टानं पाठवलं. वर एवढंच लिहिलं, 'वॉर्डात चोवीस पंप. तेवीस तपासले. तेवीस पास.'

आठेक दिवसांनी ऑफिसात असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, चोविसावं?"

"ते पेशंटला लावलेलं होतं, काका. काढता येत नव्हतं."

मागे कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती.

"मग पेशंट बरा झाल्यावर परत जावा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सिस्टरना फोन करून विचारलं. पेशंटला अजून चार दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी मी रजा टाकली.